दोनशे लिंक नकोत, बारा द्या : शिक्षकांनी साहित्याचं डिजिटल संकलन कसं करावं

आमच्या केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाईंनी विचारलं, "पाचवीच्या अपूर्णांकांसाठी काही चांगलं आहे का कुणाकडे? उद्या घ्यायचं आहे." तासाभरात २७ गोष्टी येऊन पडल्या. यूट्यूबच्या ११ लिंक, ६ पीडीएफ (त्यातल्या दोन एकच, फक्त नावं वेगळी), एक एक्सेल उघडली तर शालेय पोषण आहाराचा हिशेब निघाला, आणि बाकी सगळे अंगठे नि जोडलेले हात. चार दिवसांनी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्या भेटल्या. काय वापरलंत, विचारलं. "काही नाही सर. उघडून बघायलाच वेळ झाला नाही. शेवटी घरून भाकरी नेली."

भाकरीचा तास चांगलाच झाला असणार. चतकोर म्हणजे काय हे भाकरीइतकं कुठलाही व्हिडिओ सांगत नाही. पण मी नंतर त्या २७ गोष्टी एकेक करून उघडल्या, तर तीन खरोखर कामाच्या होत्या. त्या बाईंच्याच फोनमध्ये पडून होत्या आणि त्यांना सापडल्या नाहीत.

संकलन हा शब्द आपल्याला नवा नाही. ग्रुपवर फिरणाऱ्या प्रत्येक पीडीएफच्या तळाशी 'संकलन : अमुक सर' असतंच. मात्र त्यात बहुतेक वेळा हाताला लागेल ते सगळं भरलेलं असतं. घरी तांदूळ निवडताना ताटातून खडे काढले की नाहीत यावर पुढचं जेवण ठरतं. इथेही तसंच आहे. काय काढून टाकलं, आणि जे ठेवलं ते का ठेवलं हे सांगणारी दोन ओळींची चिठ्ठी, एवढं जमलं की ॲप कुठलंही चालतं. म्हणून पुढे ॲपची चर्चा कमी आणि या दोन कामांची जास्त आहे.

आधी माणूस, घटक आणि तारीख

'शिक्षकांसाठी उपयुक्त साहित्य' अशा नावाचं संकलन कधी पूर्ण होत नाही आणि कुणी उघडतही नाही. सुरुवातीला कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणासाठी, कुठल्या घटकासाठी, कधी लागणार. आमचा पहिला कागद असा होता: 'केंद्रातले पाचवीला गणित शिकवणारे ९ जण. अपूर्णांकांचा लहानमोठेपणा आणि सममूल्य अपूर्णांक. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत.'

हे लिहिल्यावर लगेच एक गोष्ट दिसली. नवांपैकी चौघं द्विशिक्षकी शाळेतले, म्हणजे एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणारे. त्यांना ४० मिनिटांचा व्हिडिओ कितीही सुरेख असला तरी नको असतो. पाचवीची मुलं आपली आपण करत बसतील असं काम हवं असतं, म्हणजे गुरुजींना तोवर तिसरीच्या मुलांकडे वळता येतं. माणूस ठरला आणि निम्मं साहित्य न उघडताच बाद झालं.

आकडाही आधी ठरवा. आम्ही एका घटकाला १२ची मर्यादा घातली. तेरावी वस्तू घालायची असेल तर आधीच्या बारातली एक काढायची. यावरून भांडणं होतात. होऊ द्या. 'हाच व्हिडिओ का' यावर दोन शिक्षक तावातावाने बोलतात तेव्हा मला काही प्रशिक्षणांपेक्षा जास्त शिकायला मिळालेलं आहे.

शोधायचं कुठे

गुगलमध्ये 'अपूर्णांक इयत्ता ५ वी' टाकलं की पहिल्या पानावर बहुतेक जाहिरातींनी भरलेल्या साइट येतात. त्यापेक्षा ठरावीक ठिकाणांपासून सुरुवात करा.

दीक्षा हे शिक्षण मंत्रालयाचं ॲप पहिलं. २०१७ पासून हे व्यासपीठ चालू आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच घेऊन जातात. कॅमेऱ्याने कोड वाचला जात नसेल तर त्याखाली छापलेला सहा अक्षरांचा कोड ॲपच्या शोधात टाका, काम होतं. उतरवून घेतलेलं साहित्य रेंज नसतानाही चालतं आणि शेजारच्या फोनवर पाठवता येतं, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. दर्जा मात्र एकसारखा नाही. काही व्हिडिओ उत्तम, तर काही म्हणजे फळ्यासमोरचं भाषण.

भाषेसाठी स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या या संग्रहात मराठी गोष्टी वाचनाच्या चार स्तरांत लावलेल्या आहेत. परवाना खुला असल्यामुळे लेखक-चित्रकाराचं नाव देऊन गोष्ट छापता येते, वाटता येते, तिच्यात बदलही करता येतो. भाषांतराची सोयही तिथेच आहे. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी ही मोठीच गोष्ट.

गणित-विज्ञानासाठी फेट. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. मुलांनी बोटाने ओढून, सरकवून करून पाहायची ही सिम्युलेशन्स आहेत. बरीच मराठीतही मिळतात; भाषांच्या यादीत जाऊन मराठी निवडावी लागते. बरीचशी एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि मग नेटशिवाय साध्या ब्राउझरमध्ये चालतात. पेनड्राइव्हवर घालून शाळाशाळांत नेण्यासारखी चीज आहे.

प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांची खेळण्यांची साइट. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर भूमिती शिकवणाऱ्या या माणसाला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर मराठी पुस्तकांचाही मोठा साठा आहे. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स. आणि स्वतःची समज पक्की करायला मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत उभं राहिलेलं हे काम आता नेटवर फुकट वाचता येतं. मुलांना ते जड जाईल, पण 'भरती-ओहोटी' शिकवायच्या आदल्या रात्री शिक्षकाने तिथली नोंद वाचली तर दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नांना घाबरावं लागत नाही.

यातल्या कशातच नसलेलं एक साहित्य आमच्या संकलनात पहिल्या क्रमांकावर आहे. एका शाळेजवळ राहणाऱ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे अजून तोंडपाठ आहेत. 'एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण' अशी लयीत म्हटलेली त्यांची पावकी एका सरांनी फोनवर ध्वनिमुद्रित केली. दीड मिनिटाची फाइल. मुलांनी ती ऐकून पहिला प्रश्न विचारला तो औटकीबद्दल, कारण आजोबा मध्येच म्हणाले की औटकी आता येत नाही. औट म्हणजे साडेतीन. त्या दिवशी साडेतीनचं साडेतीन तास बोलणं झालं, असं ते सर सांगतात. थोडी अतिशयोक्ती धरून चालू. तुमच्या आसपास कोण काय जाणतं ते एकदा विचारून पाहा. नेटवर न मिळणारं साहित्य तिथूनच येतं.

उघडा, शेवटपर्यंत पाहा

न पाहता पुढे पाठवलेली लिंक म्हणजे समोरच्याच्या वेळेवर घातलेला दरोडा. दीडपट वेगाने का होईना, पण व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. तोही जिथे दाखवायचा त्याच टॅबवर किंवा टीव्हीवर, शाळेतल्याच रेंजमध्ये. घरच्या वायफायवर चाललेलं शाळेत अडकतं.

अपूर्णांकांच्या साहित्यात मी हमखास दोन चुका शोधतो. एक, वर्तुळाचे तीन असमान तुकडे करून प्रत्येकाला १/३ म्हटलेलं असतं. 'समान भाग' हीच तर सगळी मेख, आणि चित्रच खोटं बोलतं. दुसरी, सरावपत्रिकेची उत्तरसूची. हल्ली एआयकडून मिनिटात तयार केलेल्या पत्रिका फार फिरतात. बाहेरून देखण्या असतात. पण एकीत वीसपैकी तीन उत्तरं चुकीची सापडली, आणि शीर्षकातलं जोडाक्षर फुटून 'अपूर्णांक'चं काहीतरी भलतंच झालेलं. एआयने केलेलं वापरू नका असं मी म्हणणार नाही. सगळी उदाहरणं स्वतः सोडवून पाहा, मगच संकलनात घ्या.

दोन ओळींची चिठ्ठी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'खूप छान व्हिडिओ, नक्की पाहा' या वाक्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: कुठल्या वर्गात वापरलं, किती वेळ लागला, नेमका कुठला भाग घ्यायचा, आणि कुठे फसतं. आमच्या संकलनातल्या तीन चिठ्ठ्या जशाच्या तशा देतो.

'फेटचं अपूर्णांकांचं सिम्युलेशन. पाचवी, १८ मुलं, एकच टॅब टीव्हीला जोडून. २० मिनिटं. सुरू करण्याआधी विचारा: १/३ मोठा की १/४? आमच्याकडे १३ जणांनी १/४ सांगितला, कारण ३ पेक्षा ४ मोठा. उत्तर सांगू नका. पट्टीची आकृती निवडून आधी १/३, मग १/४ मुलांकडूनच करून घ्या आणि वहीत एकाच लांबीच्या पट्ट्यांवर काढायला लावा. गोल आकृती टाळा, गोलात १/५ आणि १/६ सारखेच दिसतात.'

'यूट्यूब व्हिडिओ, ११ मिनिटं. फक्त २:१० ते ५:३० दाखवा. पुढे तिरकस गुणाकाराची युक्ती सांगितली आहे, ती पाचवीला नको. उत्तर येतं, पण का येतं ते कळत नाही आणि मुलं मग आकृती काढायचंच सोडतात.'

'कागदाच्या घड्या. साहित्य: रद्दी. २, ४, ८ भाग झकास होतात. ३ भाग करताना वर्गात गोंधळ, ५ भाग तर मलाही जमले नाहीत. ३ आणि ५ साठी पट्टीने मोजून आखलेले कागद आधी तयार ठेवा. बहुवर्ग शाळेला उत्तम. एकदा दाखवलं की मुलं पाऊण तास करत बसतात.'

तिसरी चिठ्ठी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण लिहिणाऱ्या बाईंनी आपल्याला काय जमलं नाही ते लिहिलं आहे. ग्रुपवर आपण फक्त यशोगाथा टाकतो. दुसऱ्याचा तास वाचतो तो फसलेल्या तासाच्या नोंदीमुळे.

शिक्षक चिठ्ठ्या लिहीत नाहीत ही तक्रार खरी आहे. आम्ही त्यावर एक उपाय काढला. लिहायला सांगायचंच नाही. तास झाल्यावर एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायला सांगायचा. फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप होण्याची सोय असते. आमच्यातला एकजण ते ऐकून, तेच बोलून, चार ओळी करून टाकतो. बोलायला कुणालाच कंटाळा येत नाही.

ह्रस्व-दीर्घाचा घोळ आणि जुने फॉन्ट

मराठीत संकलन करताना ही एक खास आपली अडचण आहे. कुणी 'अपूर्णांक' लिहितं, कुणी 'अपुर्णांक', कुणी 'अपूर्णाक'. माणसाला कळतं, शोधयंत्राला प्रत्येक वेळी कळेलच असं नाही. 'परिसर अभ्यास', 'प. अभ्यास' आणि 'ईव्हीएस' या तीन नावांनी ठेवलेलं साहित्य एका शोधात सापडत नाही. म्हणून टॅगची यादी आधी ठरवा आणि ती कॉपी करूनच वापरायची असा नियम करा. आमची यादी एका पानाची आहे: इयत्ता, विषय, घटक, साहित्याचा प्रकार, आणि 'नेट लागतं' किंवा 'नेट लागत नाही'. हा शेवटचा टॅग सगळ्यात जास्त वापरला जातो. ज्यांना निष्पत्तीनुसार (मुलांना काय यायला हवं त्यानुसार) नियोजन करायचं असतं त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकात दिलेला अध्ययन निष्पत्तीचा क्रमांकही जोडतो.

फाइलच्या नावाची एकच पद्धत ठेवा: 'इ५_गणित_अपूर्णांक_सरावपत्रिका_१'. 'न्यू फायनल लेटेस्ट २' असं नाव दिसलं की पहिलं काम नाव बदलण्याचं.

दुसरी अडचण जुन्या पीडीएफची. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या प्रश्नपेढ्या युनिकोड (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. दिसायला मराठी, पण आतून कॉपी करा, तर इंग्रजी अक्षरं नि चिन्हांचा काला बाहेर पडतो. अर्थात शोधातही त्या कधीच येत नाहीत. त्यांच्यातलं एखादं पान खरंच ठेवण्यासारखं असेल, तर त्या पानाचं चित्र करून गुगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गुगल डॉक्सने उघडा' म्हणा. चित्रातला छापील मजकूर युनिकोड मराठीत उमटतो. आकडे आणि काना-मात्रा तपासून घ्याव्या लागतात, तरी पुन्हा टाइप करण्यापेक्षा बरं.

कुठे ठेवायचं

माझं मत सरळ आहे: मूळ यादी गुगल शीटमध्ये, चेहरा म्हणजे लोकांना दिसणारं पान दुसरीकडे.

शीटमध्ये सात रकाने पुरतात: नाव, लिंक, घटक व टॅग, चिठ्ठी, मूळ कर्ता, परवाना, शेवटचं तपासल्याची तारीख. दिसायला ती रुक्ष असते, पण कधीही उतरवून घेता येते आणि कुठल्याही कंपनीच्या लहरीवर तिचं आयुष्य अवलंबून नसतं. वाचून ठेवायच्या लेखांसाठी जगभर वापरलं जाणारं पॉकेट ८ जुलै २०२५ ला बंद झालं. वर्गातल्या फळ्यासारखं वापरलं जाणारं गुगलचंच जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस गेलं. ज्यांनी वेळेत साहित्य काढून घेतलं नाही त्यांचं गेलंच. यादीची प्रत दर तीन महिन्यांनी एक्सेलमध्ये उतरवून संगणकात ठेवा.

चेहऱ्यासाठी पर्याय तीन. वेकलेटमध्ये लिंक, मजकूर, चित्रं, पीडीएफ एकाखाली एक सुबक लागतात, क्रम बदलता येतो, आणि लिंक असलेल्यालाच दिसेल असंही ठेवता येतं. फोनवर वाचायला हे मला सर्वांत सोपं वाटतं. पॅडलेट म्हणजे भिंत. सगळ्यांनी येऊन चिकटवायचं. कार्यशाळेत एका दुपारी ४० शिक्षकांकडून साहित्य गोळा करायला त्याला तोड नाही, आणि मंजुरी दिल्याशिवाय चिठ्ठी दिसणार नाही अशीही सोय आहे. ती सुरू ठेवाच, नाहीतर भिंतीवर शुभ सकाळची फुलं उगवतात. मोफत खात्यावर भिंती मोजक्याच मिळतात हे लक्षात ठेवा. तिसरा पर्याय गुगल साइट्स. थोडी मेहनत जास्त, पण केंद्राचं कायमस्वरूपी पान करायचं असेल तर हेच. तिन्ही वापरायच्या फंदात पडू नका. स्वतःपुरत्या खुणा ठेवायला रेनड्रॉप चांगलं आहे, पण ते तुमचं खासगी कपाट. पाहुण्यांना बैठकीत बसवतात, कपाटासमोर नाही.

आता आमची फजिती. पहिल्या वर्षी सगळ्या फाइल एका उत्साही सरांच्या वैयक्तिक ड्राइव्हवर होत्या. त्यांची जागा भरली, त्यांनी एका रविवारी साफसफाई केली आणि सोमवारी आमच्या संकलनातल्या २३ लिंक मेल्या. दोष त्यांचा नाही. गुगलचं मोफत खातं १५ जीबीचं, आणि फाइलचा मालक जो चढवतो तोच राहतो, फोल्डर कितीही सामायिक असो. तेव्हापासून केंद्रासाठी वेगळं खातं आहे आणि चढवायचं ते त्याच खात्यातून. आणखी एक: दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं, म्हणून महिन्यातून एकदा तरी त्यात लॉगिन करा.

लिंक पाठवण्याआधीची शेवटची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. ब्राउझरची गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकी उघडून तिथे लिंक टाका. 'प्रवेशाची विनंती करा' असं आलं तर तुमची सेटिंग चुकली आहे. 'लिंक असलेला कोणीही' आणि 'फक्त पाहू शकतो' असं करा. चुकून 'संपादन करू शकतो' राहिलं तर काय होतं ते एकदा अनुभवलं आहे. कुणीतरी सरावपत्रिकेतच उत्तरं भरून ठेवली होती, स्वतःच्या मुलाच्या नावासह.

साभार

जुन्या मासिकांत उसन्या मजकुराखाली 'साभार' लिहायची पद्धत होती. ग्रुपवर ती गेली आणि 'संकलक' तेवढा उरला. एका बाईंनी दोन महिने खपून केलेली शब्दपट्ट्यांची पीडीएफ तिसऱ्या जिल्ह्यातून परत आमच्याकडे आली तेव्हा तिच्यावर भलत्याच माणसाचा फोटो होता. त्यांनी नंतर काही पाठवणंच बंद केलं. म्हणून कर्त्याचं नाव हा रकाना रिकामा सोडायचा नाही. माहीत नसेल तर 'कर्ता अज्ञात, ग्रुपवरून' असं लिहायचं.

परवान्यांची भाषा थोडक्यात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणेत 'बीवाय' असेल तर नाव द्या आणि वापरा. 'एनसी' असेल तर विक्री किंवा धंदा नको. 'एनडी' असेल तर बदल करून वाटू नका. 'एसए' असेल तर तुम्ही बदललेलंही त्याच परवान्याने खुलं करा. काहीच लिहिलेलं नसेल तर हक्क राखीव समजा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने साहित्याची प्रत काढण्याला मुभा आहे, पण त्या आधाराने बाजारातलं अख्खं गाईड स्कॅन करून सगळ्यांसाठी नेटवर टाकता येत नाही. बालभारतीची पुस्तकं तर त्यांच्याच साइटवर फुकट मिळतात. तिथली लिंक द्या, पीडीएफ पुन्हा चढवू नका. त्यात फायदा आपलाच, आवृत्ती बदलली तरी जुनी प्रत फिरत राहत नाही.

मुलांचे चेहरे सार्वजनिक संकलनात नकोत. वहीचा फोटो घ्या, हाताचा घ्या, आणि वहीवरचं नाव व शाळा झाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. कायदा नसता तरी, दुसऱ्याच्या लेकराचा फोटो किती गावांत जावा हे आपण ठरवणं बरं नव्हे.

पोहोचवायचं कसं

ग्रुपवर लिंक टाकली की ती तासाभरात वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. तिची कायमची जागा म्हणजे ग्रुपचं वर्णन. ज्या महिन्यात घटक शिकवायचा त्या महिन्यात संदेश पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, तेवढा पुरतो. टेलिग्राम वापरत असाल तर हॅशटॅगने शोध चांगला लागतो आणि मोठ्या फाइलही जातात, पण आमच्या निम्म्या शिक्षकांच्या फोनमध्ये ते नाही, म्हणून मी आग्रह सोडला.

पोस्ट करताना सगळं संकलन एकदम टाकू नका. एक वस्तू, तिची चिठ्ठी, आणि खाली 'बाकीच्या ११ इथे'. लोक चिठ्ठी वाचतात आणि मग लिंक उघडतात.

शाळेत लावायला क्यूआर कोड छापा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज पुरस्कार मिळाला, तेव्हापासून कोडचं अप्रूप सगळीकडे आहे. पण कोड कुठे नेतो याकडे लक्ष द्या. आम्ही पहिल्यांदा एका फुकट साइटवरून कोड बनवले, छान रंगीत छापून अकरा शाळांना वाटले, आणि काही दिवसांनी प्रत्येक कोडवर 'तुमची मुदत संपली, पैसे भरा' असं येऊ लागलं. क्रोम ब्राउझरमध्ये पान उघडून शेअरच्या यादीतच क्यूआर कोड तयार करता येतो. त्याला मुदत नसते. कोड एकेका व्हिडिओचा न करता संकलनाच्या पानाचा करा, म्हणजे आतलं बदललं तरी भिंतीवरचा कागद बदलावा लागत नाही. तीन सेंटीमीटरपेक्षा लहान छापू नका, आणि खाली मराठीत लिहा तो कशाचा आहे.

रेंज नसलेल्या शाळांसाठी पेनड्राइव्ह. यात कमीपणा काही नाही. आमच्या दोन शाळा डोंगरावर आहेत, त्यांना दर शिक्षण परिषदेत 'नेट लागत नाही' टॅगचं सगळं भरून देतो. परत येताना त्यात त्यांनी केलेलं काहीतरी असावं, एवढीच अट.

उन्हाळी सुट्टी आणि बदली

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, संकलन झाडा. प्रत्येक लिंक उघडायची. मेलेली दिसली तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जुनी प्रत मिळते का पाहायची. महत्त्वाचं पान असेल तर ते जिवंत असतानाच तिथे जतन करून ठेवायचं. वर्षभरात ज्या वस्तूवर एकाही वर्गातून चिठ्ठी आली नाही ती काढायची, कितीही देखणी असो. गेल्या मे महिन्यात आम्ही बारातल्या चार काढल्या. त्यात मी स्वतः केलेला एक व्हिडिओ होता. नऊ मिनिटांचा, पार्श्वसंगीतासह. कुणीच वापरला नव्हता.

आणि बदल्या. केंद्राचं खातं दोघांकडे असावं, दोघंही वेगवेगळ्या शाळांचे. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे ते लिहून ठेवा, कारण पासवर्ड विसरल्यावर ओटीपी तिथेच जातो आणि तो माणूस तोवर दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झालेला असतो. आम्ही आता चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टर, कपाटाच्या किल्ल्या आणि टॅब यांच्याखाली आणखी एक ओळ घालतो: 'केंद्र संकलनाचे खाते, पासवर्ड बंद पाकिटात, जोडलेला मोबाईल क्रमांक बदलला : होय / नाही.' देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, तारीख.